पडका की पाडलेला?

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या जुन्या पेठेत जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे. तिथल्या पायाशी ठेवलेल्या खोक्यात मला ते चित्र सापडलं. वहीच्या पानाएवढं, तपकिरीकडे झुकलेल्या काळ्या शाईतलं एचिंग, म्हणजे अ‍ॅसिडने कोरलेल्या पत्र्यावरून घेतलेलं छापचित्र. एक गोल बुरूज, मधोमध उभा चिरलेला. अर्धा जागेवर उभा आहे, अर्धा खंदकात घसरून तिरका पडलाय. चिरलेल्या बाजूने आतल्या कमानी उघड्या पडल्यात, घराची समोरची भिंत काढून घ्यावी तशा. वरच्या काठावर झाडं उगवलीत, वेली खाली लोंबतायत. आणि खाली, पडलेल्या दगडांशेजारी, दोन बारकी माणसं: एकाच्या डोक्यावर उंच टोपी, दुसरीच्या हातात छत्री. फिरायला आलेली.

चित्र स्वस्तात मिळालं, कारण कुणीतरी ते चौकटीत बसवण्यासाठी त्याच्या कडा कापल्या होत्या. अशा चित्रांखाली एक पट्टी असते. डाव्या कोपऱ्यात रेखाटणाऱ्याचं नाव, उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं, मधे जागेचं. ती पट्टीच गेलेली. दुकानदाराने कागद उजेडाकडे धरला, बोटाने चाचपला आणि एकोणिसाव्या शतकाची पहिली वीस-तीस वर्षं धरा, असं सांगितलं.

भाची तिथल्याच विद्यापीठात शिकते. तिने चित्र हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मामा, ह्यात लुई कुठे आहे?"

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्या प्रश्नात आहे.

आपल्या भाषेत दोन शब्द शेजारी शेजारी राहतात: पडका आणि पाडलेला. पडका वाडा म्हटलं की डोळ्यांपुढे पावसाळे येतात, वाळवी येते, भाऊबंदकीतला खटला येतो. कुणी काही केलं नाही, वाडा आपला पडत गेला. पाडलेला म्हटलं की मागे माणूस उभा राहतो, हातात पहार घेऊन. फरक एका काण्याचा. हायडेलबर्गच्या त्या बुरुजाला जर्मन लोक 'सुरुंगाने उडवलेला बुरूज' म्हणतात. म्हणजे त्यांच्या नावात निदान कृती आहे. कर्ता नाही. आणि चित्रात तर कृतीही उरलेली नाही. तिथे बुरूज पडका आहे. वेलींमुळे, छत्रीवाल्या बाईमुळे तो जणू आपणहूनच पडला.

प्रत्यक्षात झालं ते असं. ऱ्हाइनच्या काठच्या फाल्ट्स प्रांताचा राजा, त्यांच्या भाषेत कुरफ्युर्स्ट, दुसरा कार्ल १६८५ साली निपुत्रिक वारला. त्याची बहीण लिझेलॉटे १६७१ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या भावाला दिलेली होती. लुईने तिच्या नावाने वारसाहक्क सांगितला. १६८८ च्या शरदात फ्रेंच फौजा ऱ्हाइन ओलांडून आल्या. पुढे सारा युरोप विरोधात एकवटतोय असं दिसल्यावर पॅरिसमध्ये हिशेब बदलला. युद्धमंत्री लुव्वा आणि त्याचे सल्लागार यांनी ठरवलं की जे राखता येत नाही ते शत्रूच्या कामी येता कामा नये. गावांच्या याद्या झाल्या. मानहाइम, श्पायर, वोर्म्स, हायडेलबर्ग. कोणतं गाव कधी जाळायचं, तटाला सुरुंग कुठे लावायचे, हे पत्रांतून कळवलं गेलं. यात बेभान सैनिक कमी आणि टेबलाशी बसलेले कारकून जास्त होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. २ मार्च १६८९ रोजी हायडेलबर्गचा किल्ला आणि शहर पेटवलं. शहरातली आग लोकांनी बरीचशी विझवली. १६९३ मध्ये फ्रेंच परत आले, तेव्हा विझवायला कुणी उरलं नाही. शहर जळालं, आणि तटबुरूज सुरुंगांनी उडवले. त्या विजयाचं पदकही पाडलं गेलं, त्यावर लॅटिनमध्ये शब्द: 'हायडेलबर्गा डेलेटा'. हायडेलबर्ग पुसलं गेलं.

ज्या बाईच्या हक्कासाठी म्हणून हे चाललं होतं, ती व्हर्सायमध्ये बसून माहेरच्या बातम्या ऐकत होती. लिझेलॉटेची पत्रं युरोपात प्रसिद्ध आहेत. मार्च १६८९ मध्ये आपल्या आत्याला तिने लिहिलं की रात्री जरा डोळा लागतो न लागतो तोच मी हायडेलबर्गला किंवा मानहाइमला पोचते, तिथली उजाडी दिसते, दचकून जाग येते आणि मग दोन-दोन तास झोप नाही. माहेर जाळायला आपलंच नाव वापरलं गेलं, याहून वेगळी शिक्षा काय असते?

तर हा बुरूज. भिंतीची जाडी साडेसहा मीटर. एवढी जाड भिंत तोफेला दाद देत नाही, म्हणून आत सुरुंग. आणि भिंत इतकी मजबूत की स्फोटानेही तिचे तुकडे झाले नाहीत. अख्खा अर्धा बुरूज एकसंध सुटला आणि खंदकात घसरून बसला. आजही तिथेच आहे. मी त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला पहिल्यांदा दिसला तो गारा. तीनशे वर्षं उलटी-तिरकी पडूनही दगड आणि गारा एकमेकांना सोडायला तयार नाहीत. ज्या गवंड्यांनी हे रचलं त्यांची नावं कुठेच नाहीत, हे जाता जाता.

आता त्या एचिंगकडे. कला महाविद्यालयात असताना छापचित्राच्या वर्गात मी हे काम केलं आहे, म्हणून त्याबद्दल चार ओळी जास्त लिहिण्याचा हक्क घेतो. पत्र्यावर मेण आणि डांबराचा पातळ थर चढवायचा. आम्ही जस्ताचा पत्रा वापरायचो, जुने लोक तांब्याचा. थरावर सुईने रेघा ओढायच्या. रेघ पत्र्यात जात नाही, ती फक्त मेण बाजूला करते. खरं कोरण्याचं काम अ‍ॅसिड करतं. ट्रेमध्ये पत्रा बुडवला की उघड्या रेघांवर बारीक बुडबुडे धरतात, ते कोंबडीच्या पिसाने हलकेच झटकायचे, नाहीतर रेघ खडबडीत खाल्ली जाते. थोड्या वेळाने पत्रा बाहेर काढायचा, ज्या रेघा फिक्या राहायला हव्यात त्यांच्यावर व्हार्निश फिरवून त्या बंद करायच्या आणि पत्रा पुन्हा आत. जी रेघ जास्त वेळ अ‍ॅसिडात, ती जास्त काळी. म्हणजे चित्रात गडद काय आणि पुसट काय, हा हाताच्या दाबाचा प्रश्न नसतो. तो वेळेचा असतो आणि ठरवून घेतलेला असतो. कोरणारा दर खेपेला बघतो आणि ठरवतो: हे आता पुरे, हे अजून खाऊ दे.

माझ्या चित्रात सर्वांत जास्त वेळ अ‍ॅसिडात राहिलेला भाग कोणता? वेली. पानांची दाटी, त्यांच्या सावल्या. बुरुजाच्या चिरफळीवर, जिथे सुरुंगाची ताकद दिसायला हवी, तिथे रेघा नाजूक आणि फिक्या आहेत. पहिल्याच खेपेला व्हार्निशने बंद केलेल्या. हात कमालीचा कसलेला आहे, पण त्याने काय पुढे आणायचं आणि काय मागे सारायचं, हे पत्रा ट्रेमध्ये असताना ठरवलं.

हायडेलबर्ग म्हटलं की आपल्याकडे लोकदैवतांच्या अभ्यासकांना गुंथर सोंथायमर आठवतात. तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत ते शिकवत आणि आयुष्यभर जेजुरी, धनगरवाडे, माळरानं हिंडत. खंडोबावरचं त्यांचं काम सगळ्यांना माहीत असतं, वीरगळांवरचं थोडं कमी. त्या बुरुजापुढे मला वीरगळच आठवला. गावाबाहेर, देवळामागे, कधी विहिरीच्या कडेला धुण्याचा दगड होऊन पडलेला. त्याची मांडणी ठरलेली असते. सर्वांत खालच्या पट्टीत मेलेला वीर, बऱ्याचदा बाजूला ज्या गुरांसाठी तो लढला ती गुरं. वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला नेतायत, त्याही वर तो शिवलिंगापुढे बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ज्या पाथरवटाने तो घडवला त्याला स्वर्ग दाखवायचा होताच. पण खालची पट्टी त्याने गाळली नाही. मेला कसा, हे आधी. मग स्वर्ग. जर्मन रोमँटिकांच्या चित्रांनी नेमकं उलट केलं: वरची पट्टी ठेवली, खालची कापली. माझ्या प्रतीत तर अक्षरशः.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी त्या चित्रकारांना खोटारडे ठरवतोय. प्रकरण तेवढं सोपं नाही. कारण त्या वेली नसत्या तर आज तो बुरूजही नसता.

सुरुंगानंतर किल्ल्याचे हाल थांबले नव्हते. १७२० मध्ये त्या वेळचा राजा शहरातल्या प्रॉटेस्टंटांशी चर्चवरून भांडून दरबारासकट मानहाइमला निघून गेला. पुढच्याने किल्ल्यात परत राहायला यायचं मनावर घेतलं, तर जून १७६४ मध्ये वीज पडून उरलेलंही जळालं. त्यानंतर किल्ला म्हणजे दगडांची फुकट खाण झाली. नेकार नदीकाठचा तो लाल वालुकाश्म, घडवलेला, तयार. घर बांधायचं तर कोण सोडेल? आपल्याकडेही गढीचे चिरे गावातल्या घरांच्या जोत्यांत सापडतात, ते काही आपोआप चालत गेलेले नसतात.

याच काळात चित्रकार आणि कवी येऊ लागले. गटेने १७७९ मध्ये हाच फुटका बुरूज रेखाटला. नंतर टर्नर इंग्लंडहून अनेकदा आला. आणि १८१० मध्ये आला शार्ल द ग्रेंबेर्ग. हा फ्रेंच सरदार. राज्यक्रांतीच्या धामधुमीत घरदार सोडून पळालेला, निर्वासितांच्या फौजेत लढलेला, अखेर कार्ल्सरूहमध्ये हाल्डेनवांग नावाच्या ताम्रकोरणाऱ्याकडे उमेदवारी करत असलेला. किल्ल्याचं एखादं रेखाटन करावं म्हणून तो हायडेलबर्गला आला आणि १८६४ मध्ये मरेपर्यंत तिथून हलला नाही. किल्ल्याच्या एका खोलीत त्याने बिऱ्हाड केलं. कुणी दगड काढायला आलं की हा हजर. राखणदाराचं काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं, पगार नव्हता. स्वतःच्या पैशाने त्याने किल्ल्यातल्या वस्तू, चित्रं, नाणी गोळा केली आणि शहराच्या आजच्या संग्रहालयाचा पाया त्यातून घातला गेला. त्याची रेखाटनं ताम्रपटावर उतरवली जात, छापली जात आणि प्रवासी ती विकत घेऊन घरी नेत. किल्ला बघायला अजून प्रवासी येत. एकदा बघ्यांमुळे पैसा दिसू लागला की दगडचोरी थांबते. सौंदर्याने जे साधलं ते कायद्याला साधलं नव्हतं.

फ्रेंच राजाने पाडलेला किल्ला एका फ्रेंच निर्वासिताने वाचवला. ही गोष्ट मला पुढे लागणार आहे.

पण वाचवण्याची किंमत द्यावी लागली. एकदा भग्न वास्तू देखणी ठरली की तिचं दुःख सजावटीत जमा होतं. हायडेलबर्गला उन्हाळ्यात तीनदा किल्ला 'पेटवण्याची' परंपरा आहे. अंधार पडला की तांबडी भडक रोषणाई करतात, सगळ्या भिंती आतून जळतायत असं दिसतं. त्यानंतर पुलावर आतषबाजी. १६८९, १६९३ आणि विजेचं १७६४ या तीन आगींची ही आठवण, असं सांगतात. नदीच्या पलीकडच्या काठावर लोक सतरंज्या टाकून बसलेले असतात, पोरं खांद्यावर, हातात बिअर. भाचीने एकदा मला तिथून व्हिडिओ कॉल लावला होता. दृश्य विलक्षण होतं, खोटं कशाला बोलू. मी "वा!" म्हणालो. मग एकदम लिझेलॉटेची ती झोप आठवली. शहर जळतंय हे बघून "वा" म्हणायला आपल्याला शिकवलं कुणी? माझं उत्तर असं की त्या छोट्या छोट्या एचिंग्जनी. दोनशे वर्षांच्या सवयीने.

मग उपाय काय? कर्त्याचं नाव ठळक लिहा, असं म्हणणं सोपं आहे. पण ते जर्मनीत करून झालं आहे आणि त्याचं काय झालं तेही बघायला हवं. फाल्ट्समधल्या जाळपोळीत पुढे असलेला फ्रेंच सेनानी मेलाक याचं नाव तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या कुत्र्यांना ठेवत. एकोणिसाव्या शतकात राष्ट्रवादाला भरती आली तेव्हा हायडेलबर्गचा किल्ला 'फ्रेंचांनी काय केलं' याचा फळा झाला. १८७० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यावर फ्रेंच मुत्सद्दी तिएरने इतिहासकार रांकेला विचारलं म्हणे, आता तुम्ही कुणाशी लढताय? रांकेचं उत्तर: चौदाव्या लुईशी. ही गोष्ट सांगीवांगीची असेल, पण ती इतकी सांगितली गेली यातच तिचा अर्थ आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जर्मन तोफांनी तेव्हा फ्रान्समध्ये असलेल्या श्त्रासबुर्गवर मारा केला. २४ ऑगस्टच्या रात्री तिथलं ग्रंथालय जळालं आणि हेराड नावाच्या बाराव्या शतकातल्या मठाधिपती बाईने करवून घेतलेलं अप्रतिम सचित्र हस्तलिखित राख झालं. त्यातली चित्रं आज माहीत आहेत ती आधी कुणी नकला करून ठेवल्या होत्या म्हणून. जुन्या आगीचा सूड म्हणून लावलेल्या नव्या आगीत नेमकं हेच जळतं, ज्याचा लुईशी काही संबंध नव्हता.

म्हणजे नाव गाळलं तर भग्न वास्तू सजावट होते, नाव लावलं तर हत्यार. या पेचाने मी बरेच दिवस अडलो होतो. सुटका त्या ग्रेंबेर्गने केली. 'फ्रेंचांनी पाडला' हे वाक्य 'पडला' या वाक्याइतकंच लबाड आहे. फ्रेंचांनी? कोणत्या? लुव्वानेही आणि ग्रेंबेर्गनेही? १६९३ च्या त्या आगीतून शहरातलं जे मोजकं वाचलं त्यात कापडाच्या एका व्यापाऱ्याचं १५९२ मधलं देखणं घर आहे. तो व्यापारी पंथासाठी स्वतःचा मुलूख सोडून आलेला फ्रेंच भाषक होता. अख्ख्या जमातीचं नाव लावणं म्हणजे कर्ता सांगणं नव्हे, कर्ता गर्दीत लपवणं. खरा मजकूर असा असायला हवा: अमुक राजा, अमुक मंत्री, अमुक सालचा कागदी निर्णय, आणि त्यामागचं शहाणपण असं की आपल्याला नाही तर कुणालाच नाही. हा मजकूर वाचून कुत्र्याला नाव ठेवावंसं वाटणार नाही. उलट थोडं अंगावर येईल, कारण असे निर्णय घेणारी टेबलं सगळ्यांकडेच असतात.

राहिला प्रश्न बांधून काढण्याचा. हाही वाद हायडेलबर्गनेच आधी आणि चांगला घातला. १८८३ पासून किल्ल्याची दगडन्‌दगड मोजणी झाली, आणि १८९० च्या सुमारास तज्ज्ञांच्या समितीने निर्णय दिला की पूर्ण वा अर्धवट पुनर्बांधणी नको, आहे ते हरप्रकारे सांभाळा. अपवाद फ्रीड्रिख महालाचा, कारण तो जळाला असला तरी भग्न नव्हता. कार्ल शेफर या वास्तुविशारदाने १९०० पर्यंत तो आतून सजवून काढला, ५,२०,००० मार्क खर्चून. सजावट उत्तम आहे. फक्त तिथे तशी कधी नव्हती. मग शेजारच्या ओटहाइनरिख महालावर छत आणि शिखरं चढवायची टूम निघाली, आणि १९०१ मध्ये कलेतिहासकार गेऑर्ग देहिओने पुस्तिका लिहून तिच्यावर तुटून पडून ती मोडीत काढण्यात मोठा वाटा उचलला. त्याचं म्हणणं थोडक्यात: सांभाळा, पुन्हा घडवू नका. गेलेलं परत येत नाही, येतो तो त्याचा देखावा. आणि देखाव्यासाठी आपण अस्सल दगडावर हात टाकतो.

देहिओ काही विश्वबंधुत्ववाला नव्हता. स्मारकं जपायची ती राष्ट्राच्या जगण्याचा भाग म्हणून, असं त्याने १९०५ मध्ये भाषणात सांगितलं. आणि तो शिकवत होता कुठे? श्त्रासबुर्गमध्ये. जर्मनीने तोफा डागून घेतलेल्या शहरात. तिथल्या जळक्या ग्रंथालयाबद्दल त्याला रात्री स्वप्नं पडत की नाही, कोण जाणे. तरीही त्याचा मुद्दा मला पटतो, आणि त्याने दिला त्याहून वेगळ्या कारणासाठी. तो अस्सलपणासाठी म्हणत होता. मी पुराव्यासाठी म्हणतो. गुन्ह्याच्या जागी कुणी रंगरंगोटी करत नाही.

विरोधी बाजू दुबळी नाही. ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्श हे चर्च फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावानंतर कोसळलं, दशकानुदशकं ढिगारा म्हणून राहिलं आणि १९९४ ते २००५ मध्ये पुन्हा उभं झालं. जुने काळवंडलेले दगड निवडून जमेल तिथे मूळ जागी बसवले, त्यामुळे पिवळ्या भिंतीवर काळे ठिपके दिसतात. घुमटावरचा क्रूस लंडनच्या ज्या सोनाराने घडवला त्याचे वडील बॉम्बफेकीत सामील होते. हे चर्च बांधायला नको होतं असं मी म्हणणार नाही. जळताना पाहिलेली माणसं अजून जिवंत होती, त्यांना तिथे जाऊन बसायचं होतं. खुद्द हायडेलबर्गमध्ये मार्च १९४५ मध्ये पळ काढणाऱ्या जर्मन सैन्यानेच जुना पूल उडवला आणि लोकांनी तो १९४७ पर्यंत बांधूनही काढला. नदी ओलांडायची होती! पुलाची भग्न कमान जपा असं कुणी म्हटलं असतं तर त्याला नदीतच ढकललं असतं.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. तिथे परत कुणाला राहायचं, जायचं, प्रार्थना करायची आहे का? असेल तर बांधा, आणि जोड दिसू द्या. नसेल, फक्त बघायचं असेल, तर हात लावू नका. हायडेलबर्गच्या किल्ल्यात राजा परत येणार नव्हता. बांधला असता तर आत दोन लाख लिटरच्या वाइनच्या त्या प्रसिद्ध पिंपासारखी आणखी एक गंमत झाली असती. पिंपापुढे रांग असतेच, बुरुजापुढे नसते.

हा वाद आपल्याला परका नाही, म्हणून एवढंच. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफांनी पोटल्याच्या डोंगरावरून रायगड भाजून काढला. लाकूडकाम जळालं, जोती उरली. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांत तो जागतिक वारशाच्या यादीत गेला, आणि सदर, वाडे पुन्हा उभे करा ही अधूनमधून ऐकू येणारी मागणी आता अधिक जोरात येईल. महाराजांवरची भक्ती खोटी नाही, मीही त्यातलाच. पण जोत्यांवर उभं राहिलं की मोकळं आभाळ दिसतं, ते १८१८ चं काम आहे. त्यावर छप्पर घातलं तर कंपनी सरकारने केलेलं झाकलं जाईल, आणि झाकणारे आपण असू. गाइड मंडळी "इथे वाडा होता" सांगतात. तो कसा गेला हे पुष्कळदा एका वाक्यात उरकतात. आधी ते वाक्य वाढवूया. छपरांचं नंतर बघू.

पुण्याला आल्यावर चित्र फ्रेमवाल्याकडे दिलं. माउंट कापताना तो म्हणाला, "काका, खाली एवढी जागा कशाला? चित्र मधे बसवतो ना, छान दिसेल." मी खाली चार बोटं पट्टी सोडायला लावली. भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवला होता, तो त्याच्या टेबलावरच पेन्सिलीने उतरवला: "हायडेलबर्गचा बुरूज. १६९३ मध्ये चौदाव्या लुईच्या सैन्याने, त्याच्या हुकमाने, सुरुंग लावून पाडला. कोरणाऱ्याचं नाव कापलं गेलं आहे."

फ्रेमवाल्याने काच पुसता पुसता ते वाचलं.

"लुई कोण?" म्हणाला.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. सांगायला वीस मिनिटं लागली.